मसल कार पुनर्बांधणीतील धातुकाम

मसल कार पुनर्बांधणीतील धातुकाम म्हणजे साधारणपणे १९६४ ते १९७४ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या मोठ्या इंजिनाच्या मोटारींच्या सांगाड्यात व पत्र्यात मालकाच्या गरजेनुसार केलेले कापण्याचे, घडवण्याचे व जोडण्याचे काम होय. इंग्रजीतील ‘कस्टम फॅब्रिकेशन’ हे नाव मराठीतही रूढ आहे. बाजारात मिळणारे सुटे भाग बोल्टने बसवणे यात मोडत नाही. हवा असलेला भाग मिळतच नाही, किंवा मिळाला तरी त्या गाडीत मावत नाही, तेथून या कामाची सुरुवात होते. जीर्णोद्धारापासूनही ते वेगळे मानावे लागते. जीर्णोद्धारात गाडी कारखान्यातून निघाली होती तशी करण्याचा प्रयत्न असतो, तर येथे तिच्या मूळ रचनेतच फेरफार केला जातो.

पार्श्वभूमी

जनरल मोटर्सच्या अंतर्गत धोरणानुसार मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवण्यास मनाई होती. जॉन डिलोरियन मुख्य अभियंता असलेल्या पाँटिॲक विभागाने टेंपेस्ट ल मान्स या गाडीसाठी ३८९ घन इंचांचे (सुमारे ६.४ लिटर) इंजिन ‘ऐच्छिक जोड’ म्हणून देऊ केले व ही मनाई चुकवली. त्यातून १९६४ ची पाँटिॲक जीटीओ अवतरली. पुढे फोर्ड, डॉज, प्लिमथ, शेव्हरोले अशा सर्वांनी त्याच वाटेने गाड्या आणल्या. विम्याचे चढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी हे पर्व संपवले.

पुनर्बांधणीच्या दृष्टीने या इतिहासातील एक गोष्ट महत्त्वाची आहे. इंजिन वाढले, पण त्याखालचा सांगाडा बहुतांशी सामान्य कौटुंबिक गाडीचाच राहिला. पहिल्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. फोर्ड मस्टँगचा पायाही फाल्कन या स्वस्त गाडीचा होता. आज अशा गाडीत नवे, अधिक शक्तीचे इंजिन व रुंद टायर बसवले की रस्त्यावरील पकड वाढते आणि मूळ रचनेने कधी गृहीत धरले नव्हते एवढे बल सांगाड्यावर येते. म्हणून कापलेल्या पत्र्यातून पूर्वी जे बल वाहत होते ते आता कोणत्या मार्गाने वाहणार, हा प्रश्न कुशल कारागीर हत्यार उचलण्यापूर्वी सोडवतो. दिखाऊ कामात नेमका हाच प्रश्न राहून जातो.

सांगाडा

सर्व मसल कारचा सांगाडा एका प्रकारचा नव्हता. शेव्हरोले शेव्हेलमध्ये स्वतंत्र चासीवर वेगळी बॉडी बसवलेली असे. मस्टँग व डॉज चार्जर यांत बॉडी हाच सांगाडा होता. १९६७ ते १९६९ ची शेव्हरोले कमॅरो या दोहोंच्या मधली. तिचा मागील भाग एकसंध बॉडीचा, पण पुढे इंजिन व चाके धरणारी वेगळी उपचासी बोल्टने जोडलेली. जोराने वेग घेताना किंवा वळताना अशी गाडी मधोमध पिळवटते. यावर उपाय म्हणून पुढची उपचासी व मागचे तुळईवजा भाग यांना पोलादी नळ्यांनी जोडतात. कमॅरोच्या बाबतीत हे काम पुनर्बांधणीतील पहिले काम समजले जाते, आणि ते योग्यच आहे.

ही जोडणी करताना गाडीचे वजन चाकांवर, म्हणजे नेहमीच्या स्थितीत असावे लागते. जॅकच्या दोन टोकांवर उचललेली गाडी किंचित वाकलेली असते. त्या अवस्थेत वेल्डिंग केले तर तो बाक कायमचा होतो आणि पुढे दारे नीट लागत नाहीत. याच कारणाने गंजलेली जमीन किंवा दाराखालची पेटी कापण्यापूर्वी दारांच्या मोकळ्या जागेत तात्पुरत्या नळ्या जोडून बॉडी जखडून ठेवतात आणि कर्णांची मापे घेतात. दोन्ही कर्ण सारखे भरले नाहीत तर पुढे कितीही सफाईदार काम केले तरी गाडी तिरकीच राहते.

मस्टँगमध्ये पुढच्या स्प्रिंगांना आधार देणारे दोन मनोरे इंजिनाच्या जागेत घुसलेले असतात. रुंद इंजिन बसवण्यासाठी ते कापून त्या जागी १९७४ ते १९७८ च्या मस्टँग-२ च्या धर्तीची पुढील निलंबन रचना बसवण्याची पद्धत फार प्रचलित आहे. मनोरे काढल्यावर त्यांनी पेललेला भार नव्या आडव्या तुळईने व पुढील बाजूच्या मजबुतीकरणाने पेलावा लागतो. चार्जरमध्ये पुढे पिळाच्या सळया असतात व त्यांची मागील टोके जमिनीखालच्या आडव्या तुळईत रुतलेली असतात. तिथला गंज म्हणूनच वरवरच्या दुरुस्तीने भागत नाही.

मागील चाकांच्या कोनाड्यांचा पत्रा कापून ते आतल्या बाजूला रुंदावणे यास ‘मिनी टब’ म्हणतात. यात तुळया बहुधा जागेवर राहतात. त्याहून रुंद टायर हवे असतील तर तुळयाच आत सरकवाव्या लागतात व मागील धुराही आखूड करावी लागते. पाच किंवा सहा गिअरच्या नव्या पेटीसाठी मधला बोगदा उंच करणे, इंजिनाचे आधार नव्याने घडवणे ही इतर नेहमीची कामे होत.

पत्र्याचे काम

बॉडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. पुठ्ठ्याचा साचा कापून पाहणे, मग पत्रा कापणे हा क्रम आजही टिकून आहे, जरी मोठ्या कार्यशाळांत त्रिमितीय स्कॅनर व लेझर कटर आले असले तरी. दोन दिशांना बाक असलेला भाग ‘इंग्लिश व्हील’ या यंत्रावर घडवतात. दोन रुळांमधून पत्रा पुनःपुन्हा फिरवला की तो ताणला जाऊन फुगतो. सपाट पत्र्यावर रुळांनी उठावाच्या रेघा काढल्या की तो ताठ होतो. आपल्याकडील पत्र्याच्या ट्रंकेवर असतात तशाच या रेघा. ठोकल्याने धातू कठीण होतो, हे पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम पाहिलेल्या वाचकास सांगावयास नको. अति ठोकलेला पत्रा तापवून पुन्हा मऊ करावा लागतो.

खरी परीक्षा जोडकामात होते. वेल्डिंगचा सांधा थंड होताना आकसतो व आजूबाजूचा पातळ पत्रा ओढला जाऊन लहरी पडतात. म्हणून सलग सांधा न घेता दूरदूरच्या जागी छोटे टाके घालतात आणि प्रत्येक टाका निवू देतात. घाई केली तर दिवसभराचे काम पाच मिनिटांत वाया जाते. मिग पद्धत सोपी व जलद आहे, परंतु तिचा सांधा कठीण होतो. टिग पद्धतीस वेळ व कसब जास्त लागते, मात्र तिचा सांधा तुलनेने मऊ राहत असल्याने मागे ठोकळा धरून हातोडीने ताणता येतो व आकसलेला पत्रा पूर्ववत करता येतो. कारखान्यात ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडलेल्या जागी छिद्रे पाडून ती वेल्डिंगने भरतात. सांधा लपवण्यासाठी पुट्टीचा जाड थर देणे ही पळवाट होय. काही वर्षांत खालून गंज येतो व थर सुटतो.

सुरक्षितता

छत व मागील बाजू यांच्यामधला सांधा त्या काळी कारखान्यात शिशाने भरत. तो तापवताना किंवा घासताना विषारी वाफ व धूळ निर्माण होते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या वेल्डिंगमधील धुराने ताप येतो. पेट्रोलची टाकी व नळ्या काढल्याखेरीज मागील भागात ठिणगी पाडणे जिवावर बेतू शकते.

आतील सुरक्षा-पिंजऱ्याविषयी गैरसमज फार आढळतो. अमेरिकेतील एनएचआरए या संस्थेच्या नियमांनुसार पाव मैल अंतर ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीस पूर्ण पिंजरा आवश्यक आहे. तेथे चालक शिरस्त्राण घालतो व पट्ट्यांनी घट्ट बांधलेला असतो. रोजच्या रस्त्यावर मात्र शिरस्त्राण नसलेले डोके अपघातात याच पोलादी नळीवर आपटू शकते. केवळ शोभेसाठी पिंजरा बसवणाऱ्यांनी याचा विचार करणे आवश्यक आहे.

शैली

१९८० च्या दशकाच्या आसपास अतिरुंद मागील टायरांची ‘प्रो स्ट्रीट’ शैली गाजली. सरळ रेषेत वेग हा तिचा मुख्य रोख होता. पुढे वळणे व ब्रेक यांना महत्त्व देणारी ‘प्रो टूरिंग’ शैली पुढे आली. तिच्या प्रसारात जनरल मोटर्समधील अभियंते मार्क स्टीलो यांनी बांधलेल्या कमॅरो गाड्यांचा वाटा मोठा आहे. या क्षेत्रातील प्रतिष्ठित रिडलर पुरस्कार डेट्रॉईटच्या ऑटोरामा प्रदर्शनात १९६४ पासून दिला जातो.

मूळ रूपाचा प्रश्न

कापलेला मूळ पत्रा परत येत नाही. कारखान्यातील वेल्डिंगचे ठिपके, शिक्के, रंगाचे थर हा त्या गाडीचा पुरावा असतो व तो धातुकामात नष्ट होतो. यावर शौकिनांत मोठे मतभेद आहेत. मोठ्या इंजिनाची, मूळ भागांसह टिकलेली दुर्मीळ गाडी कापणे बहुतेक जाणकारांना अक्षम्य वाटते. गंजलेल्या किंवा अपघातग्रस्त साध्या गाडीबाबत तसा आक्षेप फारसा कोणी घेत नाही. काही मॉडेलांचे पूर्ण पोलादी सांगाडे आता नव्याने बनवून विकले जात असल्याने जुनी गाडी कापण्याची गरजही कमी झाली आहे.

यात ओळखीचा कायदेशीर मुद्दाही आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यातील मस्टँगवर वाहनाचा क्रमांक इंजिनाशेजारच्या आतील पत्र्यावर ठोकलेला असतो. गंजलेला म्हणून तोच पत्रा कापून टाकला तर गाडीची ओळखच जाते. वाहन-क्रमांक बेकायदा काढणे अथवा बदलणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे.

भारतात मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारावर निर्बंध घालते व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ते निर्बंध ठामपणे उचलून धरले. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. परंतु चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही त्यासाठी अट आहे. त्यामुळे या लेखात वर्णिलेली बहुतेक कामे झालेली गाडी पन्नाशी ओलांडूनही त्या नोंदणीस पात्र ठरत नाही.