स्वसाहाय्य, आंतरजालीय मानसिक

चिंता, विषण्णता, निद्रानाश इ. मानसिक क्लेश सौम्य असताना व्यक्तीने आंतरजालावरील क्रमबद्ध पाठ, स्वाध्याय व दैनंदिन नोंदी यांच्या आधारे स्वतःच स्वतःस साहाय्य करण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. कोव्हिड-१९ च्या महासाथीत ही पद्धती सर्वतोमुखी झाली. तथापि तिचा उगम त्यापूर्वीचा आहे. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठात (कॅनबरा) २००१ मध्ये ‘मूडजिम’ हा असा पाठ्यक्रम तयार झाला. या पाठ्यक्रमांचा पाया बहुधा बोधात्मक वर्तनोपचाराचा असतो.

महासाथीने दुहेरी अडचण निर्माण केली. संसर्गाचे भय, विलगीकरण, उत्पन्न बुडणे आणि आप्तांचे अंत्यदर्शनही न घडणे यांमुळे क्लेश वाढले. त्याच वेळी दवाखान्याची वाट बंद झाली. २०२० या एका वर्षात जगात तीव्र विषण्णतेचे सु. ५.३ कोटी व चिंताविकृतींचे सु. ७.६ कोटी जादा रुग्ण उद्भवले, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारक कोणत्याच देशात नव्हते.

स्वसाहाय्याचे तंत्र एका उदाहरणाने स्पष्ट होईल. घरात कोणी आजारी नसताना एखादी व्यक्ती दर तासाला बोटास ऑक्सिमीटर लावून पाहते. आकडा ठीक दिसला की तिला हायसे वाटते. पण हे हायसे वाटणेच त्या सवयीस खतपाणी घालते आणि पुढील शंका अधिक लवकर येते. पाठ्यक्रम प्रथम या चक्राची नोंद करावयास लावतो, नंतर दोन तपासण्यांमधील अंतर क्रमाने वाढवितो. चिंतेसाठी दिवसातील ठराविक वेळ राखून इतर वेळी आलेली चिंता तोवर पुढे ढकलणे, बातम्या पाहण्यास मर्यादा घालणे, सोडविता येणारी अडचण (उदा., औषधे कोण आणील) आणि नुसती कल्पित आपत्ती यांत भेद करणे, सुटलेली नित्यकर्मे पुन्हा सुरू करणे, हे त्यातील अन्य स्वाध्याय होत. चिंता नाहीशी करणे हा यांचा उद्देश नसतो; ती असतानाही दिवस चालू ठेवता यावा, एवढाच असतो. महासाथीत भय बाळगणे मुळात अवास्तव नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

स्वीडनमध्ये २०२० साली ६७० प्रौढांवर अशा तीन आठवड्यांच्या पाठ्यक्रमाची चाचणी झाली व त्यांची चिंता प्रतीक्षायादीतील गटापेक्षा लक्षणीय कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ताणनिवारणाची सचित्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्याशी निगडित ध्वनिमुद्रित पाठ्यक्रम युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांच्या गटांत आधीच पारखला गेला होता. पाच बैठकांच्या त्या प्रयोगात मानसोपचारतज्ञ नव्हते. परंतु गट जमविणारी, प्रशिक्षण घेतलेली माणसे होती.

हा तपशील गौण नव्हे. २००४ मध्ये मूडजिमची उपयुक्तता ज्या चाचणीत दिसली, तीत सहभागी व्यक्तींना दर आठवड्यास दूरध्वनी केला जाई. उलट, ब्रिटनमधील ६९१ विषण्ण रुग्णांच्या चाचणीत (२०१५) संगणकीय पाठ्यक्रमांची जोड देऊनही नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. मूडजिमचा मध्यक रुग्ण एकच पाठ पुरा करू शकला. भ्रमणध्वनीवरील मानसिक आरोग्याच्या उपयोजनांची गत याहून वाईट आहे : २०१९ च्या एका पाहणीत, उतरवून घेतल्यानंतर पंधराव्या दिवशी ती उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण केवळ ३.९ टक्के होते. २०२१ मधील एकत्रित विश्लेषणानुसार सौम्य विषण्णतेत मार्गदर्शकाविना घेतलेला पाठ्यक्रम जवळजवळ तितकाच गुणकारी ठरतो. मध्यम व तीव्र विषण्णतेत मात्र मार्गदर्शक असणे स्पष्टपणे हितावह असते. म्हणजे ज्यास गरज अधिक, त्यास एकट्याने हे निभावणे अवघड. स्वसाहाय्याचा पुरस्कार करणारे ही गोष्ट पुरेशी सांगत नाहीत.

आत्महत्येचे विचार, भ्रम वा व्यसनाधीनता असल्यास ही पद्धती अपुरी असून तीवर विसंबणे धोक्याचे आहे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबात एकच भ्रमणध्वनी असेल, तर गुप्ततेचाही प्रश्न येतो. विशेषतः घरातल्याच माणसाचा जाच सोसणाऱ्या स्त्रीस मनातील गोष्ट त्यात नोंदविणे शक्य नसते.

भारतात केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा (क्र. १४४१६) सुरू केली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रशिक्षित समुपदेशक तीवर बोलतात व गरजेनुसार मानसोपचारतज्ञाकडे पाठवितात.