टाळ दोनदा वाजवा

समजा, बुलढाणा तालुक्यातल्या धाडला सप्ताहातलं दोन तासांचं कीर्तन चित्रित करायचं आहे. कॅमेरा मंडपाच्या मागच्या टोकाला, आवाज नीट यावा म्हणून वेगळा रेकॉर्डर कीर्तनकारांच्या पायाशी. घरी संगणकावर चित्र आणि आवाज एकाखाली एक ठेवून सुरुवात तंतोतंत जुळवली. तरीही शेवटच्या अभंगापर्यंत ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो.

यात यंत्र बिघडलेलं नसतं. प्रत्येक यंत्रात स्फटिकाचं स्वतःचं घड्याळ असतं. रेकॉर्डर सेकंदाला ४८,००० नमुने घेतो खरा, पण तो सेकंद त्याच्या घड्याळाचा. दोन स्फटिक कधीच हुबेहूब सारखे चालत नाहीत, आणि तापमानानंही त्यांची चाल किंचित बदलते. दहा लाखांत फक्त २० चा फरक धरा. ७,२०० सेकंदांत ०.१४४ सेकंद होतात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात सुमारे साडेतीन फ्रेम. रेकॉर्डरचं घड्याळ जलद असेल तर नमुने जास्त पडतात, फाइल लांबते आणि शब्द मागे राहतो.

उपाय टाळकऱ्यांच्या हातात आहे. सुरुवातीला कॅमेऱ्याला दिसेल असा, पण रेकॉर्डरजवळ, टाळाचा एक खणखणीत ठोका घ्या आणि कीर्तन संपल्यावर तसाच दुसरा. टाळ एकमेकांना भिडतात ती फ्रेम आणि रेकॉर्डरच्या आवाजातला उंच सुळका जुळवा. शेवटच्या ठोक्याला जेवढा फरक दिसेल, त्या प्रमाणात सगळा आवाज आखडा किंवा ताणा. एवढ्यानं सुराला धक्का लागत नाही. कॅमेऱ्याच्या माइकवर मात्र जुळवू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे १७ मीटरवर तो ०.०५ सेकंद उशिरा पोचतो.

महागड्या यंत्रांत टाइमकोड असतो. तो प्रत्येक क्षणाला क्रमांक देतो, चाल सांभाळत नाही. चाल सांभाळते ती वर्ड क्लॉकची तार. मृदंगानं धरलेल्या लयीत सगळे टाळकरी चालावेत, तशी तिला जोडलेली सगळी यंत्रं एकाच घड्याळावर चालतात. थेट संगणकावर रेकॉर्ड करणाऱ्यांनीही दोन यूएसबी माइक लावू नयेत, कारण ती दोन घड्याळं झाली. दोन्ही माइक एकाच ऑडिओ इंटरफेसला जोडावेत.

रेकॉर्डर सांभाळणाऱ्या पोराला मात्र आधीच बजावून ठेवा: दुसरा ठोका पडेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.