मोटर राजापेठला भरते, कंट्रोलर कुठे भरायचा?

जळालेली सबमर्सिबल मोटर बोअरमधून वर निघाली, की ती वावरात पडून राहत नाही. मालवाहू ऑटोत घालून ती तालुक्याच्या गावी नाहीतर अमरावतीला, राजापेठसारख्या बाजारात येते. कारागीर ती खोलतो आणि आधी फक्त बघतो. तिन्ही फेजच्या गुंडाळ्या सारख्या जळलेल्या नसतील, एखादी शाबूत असेल, तर निदान तिथेच झालं: सिंगल फेजिंग. लाइनवरची एक फेज गेली, मोटर उरलेल्या दोनवर घुमत राहिली, त्या तारांतून नको इतका करंट गेला आणि इन्सुलेशन वितळलं. मग जुनी तार उपसणं, एका गुंडाळीचे वेढे मोजणं, तारेची जाडी मायक्रोमीटरवर बघणं, खाचा साफ करणं. या मोटरच्या पोटात पाणी भरलेलं असतं, म्हणून तिला प्लॅस्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार लागते. विहिरीवरच्या मोनोब्लॉकसारखी वार्निशची तार इथे चालत नाही. शेवटी सांधे पाणीबंद करायचे, मेगरवर इन्सुलेशन तपासायचं, मोटर चालवून टाँगटेस्टरवर तिन्ही फेजचे अँपिअर सारखे येतात का ते बघायचं. वऱ्हाडात या सगळ्याला एकच क्रियापद आहे: मोटर भरणं.

गरिबाला परवडणाऱ्या तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा खरेदीच्या किमतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. शेतीत हा हिशेब अपुरा पडतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया बहार ताणावरून सोडवला, की पुढे पाण्यात खंड चालत नाही. उन्हाळ्यात आठ दिवस पंप बंद राहिला तर फळगळीत जाणारा पैसा दुरुस्तीच्या बिलाहून कितीतरी मोठा असतो. म्हणून यंत्राची खरी किंमत त्याच्या बंद दिवसांत मोजावी लागते, आणि ते दिवस ठरतात दुरुस्ती किती कोसांवर आहे यावर. आपल्याकडे हे एकदा नीट ओळखलं गेलं होतं. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ लाइनींचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज बनवलं. वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात ते चालावं आणि बिघडलेलं कार्ड काढून दुसरं बसवलं की भागावं, अशी त्याची रचना होती. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला ते पहिल्यांदा लागलं. ऊन आणि धूळ तिथे आराखड्यातच धरलेली होती.

फोन आणि वीज यांची गाठ शेतात घालणारं मराठी उदाहरण म्हणजे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’. स्टार्टरला जोडलेल्या या पेटीत सिमकार्ड असतं. शेतकरी साध्या फोनवरून त्या नंबरला कॉल करतो, वावरात वीज आहे की नाही हे आवाजावरून ओळखतो आणि आकडे दाबून पंप चालू-बंद करतो. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. त्या काळी आठवड्यातले काही दिवस शेतीला वीज रात्रीच मिळायची. त्या रात्री साप-विंचवांच्या वाटेने वावरात जाणं ज्यांचं वाचलं, त्यांना या पेटीचं मोल वेगळं सांगायला नको. तरी तिचा सगळ्यात मोठा गुण मला दुसराच वाटतो. पेटी बिघडली तर माणूस चालत जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो आणि पाणी सुरू होतं. नवं यंत्र जुन्यावर बसलेलं असतं, त्याची जागा बळकावत नाही. तिची अडचण आली ती बाहेरून. २०१८ च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनी ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आणला, ‘लाइफटाइम’ सिम इतिहासजमा झालं आणि नुसता कॉल घेणाऱ्या पेटीलाही दरमहा भाडं लागू झालं.

सौर पंपाची गोष्ट इथे वेगळी होते. २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची. जमिनीप्रमाणे ३, ५ किंवा साडेसात हॉर्सपॉवरचा पंप मिळतो. दिवसा पाणी, वीजबिल नाही, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळण्याची धास्ती नाही. हे फायदे खरे आहेत, त्यांना नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण पॅनेल आणि मोटर यांच्या मधे बसलेला कंट्रोलर ही बंद पेटी आहे. बदलत्या उन्हाप्रमाणे मोटरचा वेग तोच ठरवतो. तो गेला तर दाबायला हिरवं बटण नाही. कारागिराने उघडला तर हमी धोक्यात, आणि उघडून तरी काय, आतल्या सर्किटच्या पाटीचा नकाशा त्याच्याकडे नाही. दुरून नजर ठेवणं मात्र अशा यंत्रांना जमतं. केनियात २०१२ पासून हप्त्यावर विकल्या जाणाऱ्या सौर दिव्यांत हप्ता थकला की कंपनी दुरूनच दिवा बंद करते. आपल्या अनुदानित पंपांनाही दुरून देखरेख करणारं सिम आहेच. पंप बंद पडला हे कंपनीला दूर बसून कळू शकतं. दुरुस्ती मात्र त्या सिममधून वावरात येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की बाजारातली दुरुस्ती म्हणजे जुगाड. भरलेली मोटर कधी जास्त वीज खाते, आणि वीज येताच पंप आपोआप सुरू करणाऱ्या, गल्लीत मिळणाऱ्या ऑटोस्विचने तर डीपी जाळल्या. तक्रार खोटी नाही. लाइन आली की एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, सुरुवातीचा करंट कैक पटींनी चढतो आणि ट्रान्सफॉर्मर बसतो. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पण दोष ऑटोस्विचमध्ये वेळ न ठेवण्याचा आहे. प्रत्येक पंप वेगवेगळ्या मिनिटाला सुरू करणारा टायमर ही काही महाग वस्तू नव्हे. जो कारागीर वेढे मोजून मोटर भरतो, त्याला हे शिकवणं त्याला हुसकावण्यापेक्षा सोपं आहे.

दुसरा आक्षेप: पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे, मग घाई कसली? घाई अशी, की राज्याने एक लाख सौर पंपांची योजना २०१८ मध्येच आणली होती. तिच्यातल्या सुरुवातीच्या पंपांची पाच वर्षं उलटली आहेत. पॅनेल मात्र वीसेक वर्षं टिकण्याजोगं असतं. उरलेल्या वर्षांचा वाली कोण? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा पहिल्या यादीत शेतीची अवजारं होती. तोच धागा धरून महावितरणने सौर पंपांच्या पुढच्या प्रत्येक निविदेत तीन अटी घालाव्यात: कंट्रोलरचा सर्किट नकाशा मराठीत मिळावा, सुटे भाग जिल्ह्याच्या गावी विकत मिळावेत, आणि हमी संपल्यावर आयटीआय झालेल्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनला पेटी उघडता यावी. आणि अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याने पंप बसवायला आलेल्या माणसाला सही करण्याआधी एवढंच विचारावं: हा कंट्रोलर अमरावतीत कोण दुरुस्त करतो, त्याचं दुकान कुठे आहे?