जाळीतला कापूस

पावसाळ्यात कोकणात कुणाच्या घरी गेलात, तर आत शिरताच कपाळाला ओला टॉवेल लागतो. पडवी, माजघर, जिन्याचा कठडा, सगळीकडे कपडेच कपडे. आमच्या रत्नागिरीच्या घरात नात जन्मली आणि दुपट्यांचा नुसता ढीग साचू लागला. माझी आई असती तर तिनं शेगडीवर टोपलं उपडं घालून त्यावर दुपटी वाळवली असती. मुलानं ड्रायर आणला.

आधी एक खुलासा करतो. दोन टाक्यांच्या वॉशिंग मशीनमधल्या दुसऱ्या टाकीलाही आपण ड्रायरच म्हणतो. ती टाकी फक्त गरगर फिरून पाणी पिळून काढते. मी बोलतोय ते गरम हवेनं कपडे पुरते कोरडे करणाऱ्या यंत्राबद्दल.

पहिला पावसाळा सुखाचा गेला. दुसऱ्या वर्षी तासाभरात वाळणाऱ्या कपड्यांना अडीच तास लागू लागले. यंत्राला हात लावला तर चटका बसे. आम्ही म्हणालो, हवाच दमट आहे. एका रात्री करपल्यासारखा वास आला. सुनेनं धावत जाऊन बटण बंद केलं. शेजारच्याच खोलीत नात झोपली होती.

सकाळी मेकॅनिकनं मागची नळी काढून जमिनीवर झटकली. लहानशा उशीएवढी करडी, मऊ लव खाली पडली. मला मिरजेतले आमच्या मोहल्ल्यातले पिंजारी चाचा आठवले. कापूस पिंजायला बसले की ते दाराशीसुद्धा कुणाला विडी पेटवू देत नसत. दाबून बांधलेल्या कापसापेक्षा पिंजलेला कापूस झटकन पेट घेतो, कारण त्याच्या तंतूतंतूत हवा खेळत असते. ड्रायरही एका अर्थी पिंजाऱ्याचंच काम करतो. कपडे एकमेकांवर घासतात, त्यांचे बारीक तंतू सुटतात. बरेचसे जाळीत अडकतात, उरलेले नळीत आणि यंत्राच्या पोटात बसतात. वाट तुंबली की गरम हवा बाहेर पडत नाही. आत उष्णता वाढत जाते, आणि तिच्याशेजारी हा पिंजलेला कापूस!

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत घरोघरी ड्रायर असतात. तिथल्या अग्निशमन प्रशासनानं २००८ ते २०१० या वर्षांचा अभ्यास केला, तेव्हा ड्रायरमुळे घरांना लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या. त्यांमागचं सर्वांत मोठं कारण होतं, वेळच्या वेळी सफाई न करणं.

मग करायचं काय? जाळी प्रत्येक वेळी साफ करायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कपडे सुगंधी करणारे कागद वापरत असाल, तर जाळीवर न दिसणारा थर बसतो. नळाखाली धरून पाहा. पाणी वरच साचलं, तर साबण आणि मऊ ब्रशनं जाळी धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा. हवा बाहेर सोडणारी नळी धातूची, आखूड आणि शक्यतो सरळ असावी. प्लास्टिकची नको. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, ती काढून साफ करून घ्या. तिच्या बाहेरच्या तोंडाशी पाखरांनी घरटं केलेलं नाही ना, तेही पाहा. काही यंत्रांना नळी नसते. त्यांत पाण्याचा डबा असतो, तो रिकामा करावा लागतो आणि आतला कंडेन्सर माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे साफ करावा लागतो. धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात होत असेल, तर धुताना मावतात तेवढे सगळे कपडे वाळवायला ठेवू नका.

तेलकट कपड्यांची गोष्ट निराळी. स्वयंपाकघरातली फडकी, मालिशचे टॉवेल, रॉकेल किंवा टर्पेंटाइन लागलेले कपडे धुतले तरी त्यांत तेल उरतं. काही तेलं हवेशी संयोग पावून आपोआप तापतात. गरम कपड्यांच्या ढिगात ती ऊब कोंडते आणि यंत्र थांबल्यावरही आग लागू शकते. असे कपडे दोरीवरच बरे. म्हणूनच शेवटची काही मिनिटं यंत्र थंड हवा सोडतं, तेव्हा घाईनं मध्येच बंद करू नका. रबर आणि फोमच्या वस्तूही आत नकोत. खिशात काडेपेटी, लायटर नाही ना, हे तपासा.

बरेच ड्रायर दोन-अडीच हजार वॉट वीज ओढतात. त्यांना अर्थिंग असलेला सोळा अँपिअरचा सॉकेट हवा. एक्स्टेन्शनची वायर चालणार नाही. रात्री झोपताना किंवा घराला कुलूप लावून जाताना यंत्र चालू ठेवू नका. लहान मुलं लपायला आत शिरतात, म्हणून दार बंद असू द्या. आणि आग लागलीच, तर यंत्राचं दार उघडू नका, हवा मिळाली की ज्वाळा भडकते. जमत असेल तर मेन स्विच बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

आमच्याकडे आता यंत्र कुणीही लावो, जाळी मी काढतो. माझ्या सदऱ्याचा पांढरा, सुनेच्या ओढणीचा हिरवा, नातीच्या दुपट्याचा गुलाबी, असा घरातल्या सगळ्यांचा कापूस चिमटीत येतो. तो केराच्या डब्यात गेला, की मगच पुढचे कपडे आत जातात.