काचेआड कोंडलेली हवा

शिकागोत ऑक्टोबर सरत आला की हार्डवेअरच्या दुकानांत पुढच्याच मांडणीवर एक चपटं खोकं दिसू लागतं. आत घडी घातलेलं पारदर्शक प्लास्टिक आणि डबल साइड टेपचं रीळ, एवढाच ऐवज. पाच खिडक्यांचा संच वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास पडतो. भारतातून नुकतंच आलेलं बिऱ्हाड विटांच्या जुन्या इमारतीत भाड्यानं राहत असेल, तर पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी जाणता शेजारी या खोक्याची वाट दाखवतो. एवढ्याशा प्लास्टिकनं उणे दहाची थंडी कशी अडणार, ही शंका रास्तच आहे. प्लास्टिक एकटं ती अडवत नाहीच. अडवते ती त्याच्यामागे कोंडलेली हवा.

काचेतून उष्णता सहज निसटते. स्थिर हवेतून मात्र ती काचेच्या मानानं सुमारे चाळीसपट सावकाश सरकते. जुन्या साड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी ऊब देते तीही थरांत अडकलेल्या हवेच्या जोरावर. दोन काचांमध्ये हवा बंद करून खिडकी करण्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यांनी १८६५ मध्येच घेतलं होतं. खोक्यातली प्लास्टिकची फिल्म ही त्या दुसऱ्या काचेची स्वस्त, एका हंगामापुरती बदली.

खोलीत २० अंश सेल्सिअस आणि बाहेर उणे १० असेल, तर एकेरी काचेची आतली बाजू साधारण उणे दोनवर जाते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि खाली घसरत जमिनीवर पसरते. म्हणूनच खिडकीला एकही फट नसताना शेजारच्या सोफ्यावर पायांना वारा लागतो. फिल्म लावली की खोलीकडची बाजू आठ-नऊ अंशांवर येते आणि त्या खिडकीतून वाया जाणारी उष्णता जवळजवळ निम्मी होते. मुळातच दुहेरी काच असेल तर फरक बराच कमी पडतो.

पाण्याचं गणितही यातच आहे. आपल्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा आणि हिवाळ्यात घरातच वाळणारे कपडे, म्हणजे वाफेला तोटा नाही. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ४० टक्के असेल, तर सहा अंशांहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. एकेरी काच सकाळी निथळते, खालची लाकडी पट्टी भिजते आणि कोपऱ्यात काळी बुरशी चढते. फिल्मचा पृष्ठभाग या मर्यादेच्या वर राहतो. पण एक कोपरा जरी सुटा राहिला तरी दमट हवा मागे शिरते, काचेवर पाणी जमतं आणि ते पुसायला हातही पोचत नाही.

त्यामुळे सगळी मेहनत कडांवर. आधी खिडकीच्या फटी बुजवायच्या, मग चौकट पुसून खडखडीत कोरडी करायची. गारठलेल्या लाकडावर टेप धरत नाही, म्हणून हे काम कडाक्याच्या आधीच उरकावं. चारही बाजूंना टेप लावून फिल्म वरून खाली दाबत न्यायची. सुरुवातीला ती चुरगळलेलीच दिसते. मग हेअर ड्रायरचा गरम झोत थोड्या अंतरावरून फिरवत राहायचा. प्लास्टिक आक्रसतं, सुरकुत्या एकेक करून जातात आणि फिल्म ताठ बसते. काच आणि फिल्म यांत १२ ते २० मिलिमीटर अंतर उत्तम. त्याहून फार जास्त झालं तर आतली हवा फिरू लागते. फिल्म काचेला चिकटली तर मधे हवाच उरत नाही.

पुण्या-मुंबईत काचेवरच चिकटवतात ती सन कंट्रोल फिल्म निराळी. तिचं काम ऊन परतवण्याचं. शिकागोत ती दक्षिणेच्या खिडकीला लावली तर हिवाळ्यात फुकट मिळणारी ऊबही दारातूनच माघारी जाईल.

शिकागोच्या नियमानुसार, हीटिंग घरमालकाकडे असेल तर १५ सप्टेंबर ते १ जून त्यानं घर दिवसा किमान २०, रात्री सुमारे १९ अंशांवर ठेवायचं असतं. अशा घरात फिल्मचा फायदा अंगाला होतो, खिशाला नाही. गॅसचं बिल स्वतः भरणाऱ्याला दोन्ही मिळतं. बेडरूममधली आगीच्या वेळी बाहेर पडायची खिडकी मात्र मोकळीच ठेवावी, आणि घरात गॅस जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

वसंतात फिल्म काढताना टेपवर पुन्हा ड्रायर फिरवावा. गोंद सैल होतो. घाईनं ओढली आणि चौकटीचा रंग पोपड्यांसकट निघाला, तर वाचवलेले पैसे घरमालक डिपॉझिटमधून वळते करून घेईल.