अंगणापर्यंत आलेलं विद्यापीठ

१९७२ च्या वसंतात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमा शहराच्या मॉलमध्ये, विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाने एक टेबल मांडलं. घरच्या बागेत झाडाला काही झालं असेल तर पान, फांदी, फळ घेऊन या, पाहून सांगतो, एवढीच सोय. हे करून दाखवणं भाग होतं, कारण विद्यापीठातल्या तज्ज्ञांना मूळ कल्पना पटलेली नव्हती. शहरातल्या हौशी बागवानांपैकी काहींना विद्यापीठाने नीट शिकवायचं आणि त्याची परतफेड म्हणून त्यांनी इतरांच्या शंकांना विनामूल्य उत्तरं द्यायची, अशी ती कल्पना. मॉलमधल्या टेबलाला मिळालेला प्रतिसाद पाहून शंका घेणाऱ्यांचं मन वळलं. १९७३ मध्ये पहिली तुकडी शिकून बाहेर पडली आणि ‘मास्टर गार्डनर’ नावाची चळवळ सुरू झाली. आज ती अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत आहे. तिच्या स्वयंसेवकांची संख्या एकट्या अमेरिकेत ८० हजारांच्या वर गेलेली आहे.

कल्पना डेव्हिड गिबी यांची. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने त्यांना किंग आणि पियर्स या दोन काउंट्यांसाठी, म्हणजे सिॲटल-टॅकोमा पट्ट्यासाठी, विस्तार अधिकारी नेमलं होतं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. रोपवाटिकावाले आणि भाजीपाला पिकवणारे व्यावसायिक शेतकरी यांना सल्ला देणं हे त्यांचं काम. पण शहर पसरत होतं, नवी घरं, नवी अंगणं होत होती, आणि फोन यायचे ते घरगुती बागवाल्यांचे. हिरवळ का पिवळी पडली, टोमॅटोला काय झालं, गुलाबावर हे काळे डाग कसले. या फोनांना उत्तरं देता देता शेतकऱ्यांसाठी वेळच उरेना. गिबी आणि त्यांचे सहकारी बिल शीअर यांनी आधी वर्तमानपत्रं, रेडिओ, दूरचित्रवाणी यांतून माहिती देऊन पाहिली. त्याने लोकांची भूक भागली नाही, उलट वाढली. मग उरला तो मार्ग एकच होता: उत्तरं देणारी माणसं वाढवणं.

हे तिथेच का उगवलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १८६२ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. राज्यांना सरकारी जमीन मिळाली, ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं उभी राहिली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रं जोडली गेली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिसरा पाय आला, विस्ताराचा. विद्यापीठात सिद्ध झालेलं ज्ञान शेताच्या बांधापर्यंत नेणारा माणूस काउंटीकाउंटीत बसवायचा आणि त्याचा खर्च केंद्र, राज्य आणि काउंटी यांनी वाटून घ्यायचा. म्हणजे १९७२ मध्ये गिबींच्या मागे शंभर वर्षांची शिक्षणाची आणि साठ वर्षांची विस्ताराची व्यवस्था उभी होती. त्यांनी तिच्या टोकाला फक्त शेजारीपाजारी जोडले. माझ्या मते या चळवळीचं सगळं यश या जोडणीत आहे. हौशी बागवानांची मंडळं जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. पण चुकलं तर दुरुस्त करणारं, अडलं तर प्रयोगशाळा उघडून देणारं विद्यापीठ पाठीशी असलेली मंडळं फार थोडी.

नियम राज्यागणिक वेगळे आहेत, गाभा सारखा. टेक्सासमध्ये किमान ५० तासांचं शिक्षण आणि तितकेच तास सेवा. कॅलिफोर्नियात पहिल्या वर्षी ५० तासांची सेवा. पुढे दरवर्षी २५ तास सेवा आणि १२ तासांचं नवं शिक्षण झालं तरच नाव यादीत राहतं. अभ्यासात माती, सिंचन, वनस्पतींची रचना, कीड आणि रोग, छाटणी, खतं, तण असं सगळं येतं. सल्ला द्यायचा तो संशोधनाचा आधार असलेला. कोणत्याही कंपनीच्या मालाची भलामण करायची नाही. ‘मास्टर गार्डनर’ ही पदवी पाटीवर लावून धंदा करायचा नाही. कीटकनाशकांबद्दल विद्यापीठाने छापलंय त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. आणि उत्तर येत नसेल तर तसं सांगून, शोधून, नंतर कळवायचं. हा शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे बागेबद्दल विचारलं की उत्तर कुणाकडे नाही असं होतच नाही.

आठवडी बाजारात या मंडळींचं टेबल असतं, त्याला ते रोपांचा दवाखाना म्हणतात. भिंग, चिमटा, चाकू, दोनचार जाडजूड संदर्भग्रंथ. कुणी पिशवीतून फांदी काढतं. स्वयंसेवक लगेच रोगाचं नाव सांगत नाही, आधी विचारतो. झाड कधी लावलं? ऊन किती तास? पाणी कसं देता? एकाच झाडाला झालंय की शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांनाही? या शेवटच्या प्रश्नावर बरंच ठरतं. निरनिराळ्या जातींच्या झाडांवर एकसारखी इजा दिसली तर बहुधा कारण सजीव नसतं. तणनाशकाचा उडालेला फवारा, कडाका, पाण्याची टंचाई किंवा अति खत, यांतलं काहीतरी. एकाच जातीवर, विखुरलेली, हळूहळू पसरणारी इजा असेल तर कीड किंवा रोग शोधायचा. पान पिवळं असेल तर कोणतं, हे बघायचं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडतंय अशी शंका. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची.

टोमॅटोच्या फळाचं खालचं टोक काळं पडून चामड्यासारखं होतं, हा या टेबलांवरचा नेहमीचा रुग्ण. फळाला कॅल्शियम कमी पडल्याने हे होतं, इतकं बऱ्याच जणांना ठाऊक असतं, म्हणून ते अंड्यांची टरफलं चुरून घालतात. पण जमिनीत कॅल्शियम बहुधा पुरेसं असतं. ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं, आणि पाणी कधी फार कधी अजिबात नाही असं दिलं की वाटेतच अडतं. टरफलं मातीत विरघळायला फार काळ लागतो, त्या हंगामाला त्यांचा उपयोग होत नाही. उपाय म्हणजे पाणी नियमित द्यायचं आणि बुंध्याशी आच्छादन घालायचं. पैसा लागत नाही, म्हणूनच हा सल्ला दुकानात मिळत नाही.

अशाच दुसऱ्या एका समजुतीवर वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी लिहिलं आहे आणि ती आपल्या प्रत्येक गच्चीवर आहे. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खापऱ्या किंवा खडी घातली की पाण्याचा निचरा होतो, असं आपण आजीपासून ऐकत आलो. प्रत्यक्षात मातीची बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात. खाली मोठ्या पोकळ्यांचा थर आला की माती पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत पाणी त्या थरात उतरत नाही. म्हणजे ओलीचिंब माती तळाशी राहायची ती खडीच्या उंचीइतकी वर सरकते, मुळांच्या आणखी जवळ. भोक झाकायला जाळीचा तुकडा पुरतो. बाकी कुंडी वरपासून खालपर्यंत एकाच मिश्रणाने भरावी.

मराठी घरांशी या मंडळींची गाठ पडते ती कढीपत्त्यावरून. कॅलिफोर्नियात सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँट भागात आपली माणसं पुष्कळ आहेत आणि फोडणीसाठी परसात कढीपत्ता हवाच. मैत्रिणीकडून रोप आणायचं, लेकीकडे दुसऱ्या शहरी पोचवायचं, यात कुणाला काय वावगं वाटणार? पण कढीपत्ता लिंबूवर्गीय कुळातला. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर सिट्रस सायला नावाची चिमुकली कीड जोमाने वाढते, आणि हीच कीड संत्रा-मोसंबीला ग्रीनिंग हा रोग लावते. रोगावर इलाज नाही. फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये सापडली, रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये दोन कोटीसुद्धा निघाल्या नाहीत. वादळांनीही हातभार लावला, पण मुख्य घाव या रोगाचा. कॅलिफोर्नियात सायला २००८ मध्ये दिसली आणि २०१२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत पहिलं रोगी झाड सापडलं, तेही कुणाच्या बागायतीत नाही, एका घराच्या आवारात.

म्हणून तिथले मास्टर गार्डनर सांगतात की रोप परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या, एका काउंटीतून दुसरीत नेऊ नका, कोवळ्या पालवीवर भिंग धरून पाहा, संशय आला तर कळवा. सरकारी अधिसूचना सगळ्यांपर्यंत पोचत नाही. बाजारातल्या टेबलामागचा शेजारी पोचतो. विदर्भातल्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. सायला आणि ग्रीनिंग नागपुरी संत्र्यालाही छळत आली आहेत. नागपुरात घराघरांत कढीपत्ता आहे, आणि त्याच्या मालकांशी या विषयावर बोलायला असं कुणी टेबल मांडून बसलेलं नाही.

पूर्वेकडे पेनसिल्व्हेनियात २०१४ साली बर्क्स काउंटीत स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाची चीनकडची कीड आढळली. द्राक्षवेलींचा रस शोषते, चिकट स्राव टाकते, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. तिचं आवडतं झाड आपल्या महारुखाचं सख्खं भावंड. पेन स्टेट विद्यापीठाच्या मास्टर गार्डनरांनी गावोगावी व्याख्यानं दिली, लोकांचे फोन घेतले, झाडाच्या सालीवरची अंडी ओळखायला आणि खरवडायला शिकवलं. नोकरदार अधिकाऱ्यांच्या भरवशावर एवढं काम झालं नसतं.

बाकीची कामं भराभर सांगतो. मिनेसोटात हे स्वयंसेवक १९८० च्या दशकापासून भाज्या-फुलांच्या बियाण्यांच्या चाचण्या आपापल्या अंगणात घेतात आणि निकाल विद्यापीठाला देतात. एडिसन शहर ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, त्या न्यू जर्सीतल्या काउंटीत रटगर्स विद्यापीठाच्या मंडळींची प्रात्यक्षिक बाग आहे. बहुतेक ठिकाणी वसंतात रोपांची विक्री असते, तिच्यातून वर्षाचा खर्च निघतो. शाळांच्या बागा आहेत, वृद्धाश्रमांतल्या आहेत. अलास्कातल्या अँकरेजमध्ये १९९५ साली बागकामाचे स्तंभलेखक जेफ लोवेनफेल्स यांनी वाचकांना, वाफ्यात एक ओळ भुकेल्यांसाठी लावा, असं आवाहन केलं. ते देशभर पसरलं. अनेक मास्टर गार्डनर मंडळांचा भाजीपाला आज अन्नछत्रांत जातो.

या चळवळीत उणं आहे ते मोठं आहे. वर्ग बरीच वर्षं कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी भरत आणि त्यांना शुल्क असे. साहजिकच निवृत्त, सुस्थित, गोरी माणसंच जास्त आली. ज्याच्याकडे अंगण नाही, दोन नोकऱ्या आहेत किंवा इंग्रजी नाही, त्याच्यापर्यंत टेबल पोचायला उशीर झाला. आता संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्ग आहेत, काही ठिकाणी स्पॅनिशमधून शिकवतात. दुसरी काळजी पैशाची. स्वयंसेवक फुकट काम करतो, पण त्याला शिकवणारा, त्याचं उत्तर तपासणारा विद्यापीठाचा माणूस पगारी असावा लागतो. तो काढला की शिल्लक राहतं ते हौशी मंडळ.

आपल्याकडे काय आहे? कृषी विद्यापीठं त्याच अमेरिकी नमुन्यावर उभी राहिली. १९६० मध्ये पंतनगर झालं, महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला. दापोली आणि परभणी ही दोन्ही विद्यापीठं मे १९७२ मध्ये जन्मली, टॅकोमाच्या टेबलाच्या वर्षीच. शिक्षण, संशोधन, विस्तार हे तिन्ही विभाग राज्यातल्या या चारही ठिकाणी आहेत. विस्तार शेतकऱ्याकडे वळलेला आहे, आणि तो तसा असायलाच हवा. पण राज्यातली निम्म्याच्या जवळपास माणसं शहरांत राहतात. त्यांच्या गच्च्यांवर, सोसायट्यांच्या आवारात लाखो कुंड्या आहेत आणि सल्ला मिळतो तो औषध विकणाऱ्याकडून किंवा मोबाइलवरून.

स्वयंसेवी ज्ञानाची परंपरा मात्र आपल्याकडे कमी नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्यात शेतकरी स्वतःच्या रानात प्रयोग करत, नोंदी ठेवत आणि एकमेकांना कळवत. द्राक्षबागायतदारांनी त्यातून पुष्कळ मिळवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली आणि पुढे अनेक नागरिकांना ते शिकवलं. पुण्याचं एम्प्रेस गार्डन सांभाळणारी संस्था तर १८३० ची आहे. माणसं आहेत, हौस आहे, विद्यापीठंही आहेत. पण ही माणसं आणि विद्यापीठं यांच्यात करार नाही: आम्ही शिकवू, तुम्ही सेवा द्या, आणि तुमच्या प्रत्येक उत्तरामागे आम्ही उभे राहू.

चारपैकी एका विद्यापीठाने एका शहरात, मराठीतून, शनिवार-रविवारी ५० तासांचा वर्ग घेऊन सुरुवात करावी. त्याला नवी इमारत लागत नाही, एक शिक्षक आणि एक प्रयोगशाळा लागते, आणि दोन्ही आहेत. आपल्या गावात बागप्रेमींचं मंडळ असेल तर या दिवाळीनंतर जवळच्या कृषी विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण संचालकांना मंडळाच्या नावाने पत्र लिहा. वर्गाला बसायला तयार असलेल्यांची आणि वर्षाला ५० तास देऊ शकणाऱ्यांची नावं त्याला जोडा.