लॅटिनमधील डिपोनंट क्रियापदे : रूप कर्मणी, अर्थ कर्तरी

१. प्रस्तावना

लॅटिनमधील कर्तरी आणि कर्मणी प्रत्ययांचा परिचय तुम्ही करून घेतला आहे. ‘लाउदात’ म्हणजे ‘तो स्तुती करतो’ आणि ‘लाउदातुर’ म्हणजे ‘त्याची स्तुती केली जाते’. शेवटी ‘-तुर’ दिसला की अर्थ कर्मणी घ्यावा, असा नियम तुम्ही मनाशी बांधला असेल. आता पुढील वाक्य पाहा :

रोमानी गाल्लोस सेक्वुन्तुर.

या क्रियापदाला ‘-न्तुर’ हा अनेकवचनी कर्मणी प्रत्यय आहे. वरील नियम लावल्यास ‘रोमनांचा पाठलाग केला जातो’ असा अर्थ निघेल. प्रत्यक्षात वाक्याचा अर्थ ‘रोमन गॉलांचा पाठलाग करतात’ असा आहे. पाठलाग करणारा कोण आणि पुढे पळणारा कोण, हेच चुकीच्या वाचनाने उलटते. म्हणून या क्रियापदांचा स्वतंत्र अभ्यास आवश्यक ठरतो.

२. स्वरूप

ज्या क्रियापदांची रूपे कर्मणी, पण अर्थ कर्तरी असतो, त्यांना ‘डिपोनंट’ म्हणतात. लोक्वोर (मी बोलतो), सेक्वोर (मी अनुसरतो), होर्तोर (मी उत्तेजन देतो), वेरेओर (मी भितो), पातिओर (मी सोसतो), मोरिओर (मी मरतो) ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत.

काही रूपे मात्र कर्तरीच राहतात. उदाहरणार्थ, ‘लोक्वेन्स’ (बोलत असलेला) हे वर्तमानकालवाचक धातुसाधित.

‘आउदेओ’ (मी धाडस करतो) यासारखी मोजकी क्रियापदे अर्धडिपोनंट आहेत. त्यांचा वर्तमानकाळ कर्तरी रूपात, तर पूर्ण भूतकाळ ‘आउसुस सुम’ असा कर्मणी रूपात येतो.

३. ओळखावे कसे?

(अ) कोशातील नोंद पाहावी. सामान्य क्रियापदाची नोंद ‘आमो, आमारे, आमावी, आमातुम’ अशी चार रूपांची असते. डिपोनंटची नोंद ‘लोक्वोर, लोक्वी, लोकूतुस सुम’ अशी तीन रूपांची असून ती ‘-ओर’ने सुरू होते.

(आ) वाक्यात द्वितीया विभक्तीतील कर्म आहे का, ते पाहावे. वरील वाक्यात ‘गाल्लोस’ हे असे कर्म आहे. कर्मणी वाक्यात मूळ कर्म प्रथमेत जाते आणि सजीव कर्ता ‘आ’ किंवा ‘आब’ या शब्दासह येतो.

४. भूतकालवाचक धातुसाधित

‘लाउदातुस’ म्हणजे ‘ज्याची स्तुती केली गेली आहे असा’. पण ‘लोकूतुस’ म्हणजे ‘जो बोलला आहे असा’. सामान्य लॅटिन क्रियापदांना कर्तरी अर्थाचे भूतकालवाचक धातुसाधित नाही. ही उणीव डिपोनंट क्रियापदांत नसते.

मराठीत ‘लिहिलेले पत्र’ आणि ‘आलेला पाहुणा’ यांत ‘-लेला’ हा प्रत्यय एकच आहे. तरीही पत्र लिहिले गेलेले असते आणि पाहुणा स्वतः आलेला असतो. हा भेद तुम्ही रोज सहज पाळता.

५. असे का घडले?

‘डिपोनंट’ हे नाव ‘बाजूला ठेवणे’ या अर्थाच्या ‘देपोनेरे’ या क्रियापदावरून आले. या क्रियापदांनी आपला कर्मणी अर्थ टाकून दिला, अशी त्यामागील कल्पना होती. ऐतिहासिक भाषाविज्ञान वेगळे उत्तर देते, आणि त्यासाठी संस्कृत उपयोगी पडते.

संस्कृतातील आत्मनेपद आठवा. ‘म्रियते’ हे रूप आत्मनेपदी आहे आणि त्याचा धातू ‘मोरिओर’चा सगोत्र आहे. वैदिक ‘सचते’ (सोबत असतो, अनुसरतो) हा ‘सेक्वोर’चा सगोत्र, मराठीतील ‘सचिव’ हा शब्दही त्याच ‘सच्’ धातूचा. क्रियेचा परिणाम कर्त्याशी निगडित असेल, तेथे मूळ भाषेत स्वतंत्र प्रत्ययमाला वापरली जाई. संस्कृतात ती आत्मनेपद म्हणून टिकली. लॅटिनमध्ये ती कर्मणी अर्थासाठी रूढ झाली. काही क्रियापदे मात्र जुन्याच रूपात, कर्तरी अर्थाने वावरत राहिली. त्यांनी काही टाकले नाही. त्यांच्याभोवतीची व्यवस्था बदलली.

तथापि, प्रत्येक डिपोनंट क्रियापदाचे रूप त्याच्या अर्थावरून सांगता येत नाही. ‘ती पत्र लिहिली’ असे आपण म्हणत नाही, ‘तिने पत्र लिहिले’ असे म्हणतो. परंतु ‘ती धडा शिकली’, ‘ती नाव विसरली’ असे म्हणतो. ‘शिकणे’ आणि ‘विसरणे’ यांचे हे वर्तन आपण क्रियापदासोबतच आत्मसात केले. लॅटिन क्रियापदही त्याच्या कोशातील सर्व रूपांसह पाठ करावे.

६. स्वयंअध्ययन प्रश्न

अर्थ सांगा व डिपोनंट क्रियापद ओळखा. (माजिस्तेर : शिक्षक, दिस्किपुलुस : विद्यार्थी)
१) माजिस्तेर दिस्किपुलोस होर्तातुर.
२) दिस्किपुली आ माजिस्त्रो लाउदान्तुर.

उत्तरे : १) शिक्षक विद्यार्थ्यांना उत्तेजन देतो, ‘होर्तातुर’ डिपोनंट. २) शिक्षकाकडून विद्यार्थ्यांची स्तुती केली जाते, क्रियापद खरोखरच कर्मणी.